‘दाटते’ म्हणजे काय, मला माहीत होतं

ही गोष्ट मी आठ वर्षं टाळली. टाळण्यासाठी विशेष काही करावं लागलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. मुलगी विचारील अशी धास्ती सुरुवातीला होती. पण तिने तिच्यापुरतं एक उत्तर शोधून घेतलं आणि ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात मुलगी एक वाक्य बोलून गेली, आणि त्यानंतर मला गप्प राहता येईना. म्हणून लिहितो आहे.

सुरुवात एका सिनेमापासून करावी लागेल.

मुलगी इथे जयपूरच्या जगतपुऱ्यातच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. तिथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते. यंत्राला माणसाचं बोलणं कसं कळावं, असा काहीसा तिचा विषय आहे. अंतराळातले सिनेमे तिला शाळेपासून आवडतात. ती जयपुरातच वाढली. तिचं मराठी अडखळत चालतं, आणि त्याला कारण मी आहे, ते पुढे येईल.

“पप्पा, रविवारी पिक्चरला चला. मतलब, तुम्हाला पण आवडेल. पूर्ण पिक्चर भाषेवर आहे.”

“हाणामारी आहे का?”

“थोडी आहे.”

“मग ठीक. झोप लागणार नाही.”

“लागली तरी घोरू नका. मागच्या वेळी बाजूचे भाईसाहब मलाच बघत होते, जशी मीच घोरते.”

सिनेमा परदेशी होता, हिंदीत डब केलेला. गोष्ट अशी. दूरच्या एका ग्रहावर खाणकाम चालू आहे. तिथे सतत वारा वाहतो. कामगार निरनिराळ्या देशांचे, म्हणून कंपनीने त्यांना एक सुटसुटीत भाषा बनवून दिली आहे. शब्द मोजके, एका वस्तूला एकच नाव, म्हणजे कामात घोटाळा नको. वाऱ्यालाही एकच शब्द. त्या ग्रहावर फार पूर्वी येऊन राहिलेल्या लोकांपैकी एक म्हातारी कंपनीच्या तळाबाहेर राहते आणि तिच्या बोलीत वाऱ्याला कितीतरी शब्द आहेत. जमिनीलगत सरपटणारा वेगळा, दगडांतून शीळ घालत येणारा वेगळा, येण्याआधी कानांत दडे बसवणारा वेगळा. तळावरची एक तरुण इंजिनियर तिच्याकडे ही बोली शिकायला लागते. ती शब्द शिकत जाते तसं पडद्यावरचं चित्रही बदलत जातं. आधी सगळं एकसारखं राखाडी असतं. मग त्यात धुळीचे थर निरनिराळे दिसू लागतात, एकात एक मिसळलेले आवाज सुटे ऐकू येतात. वारा पहिल्यापासून तसाच वाहत होता, तिला तो आता कळायला लागतो.

तळावर एक दुभाषा असतो. म्हातारी रोज फाटकाशी येते आणि हातवारे करत लांबलचक काहीतरी सांगते. प्रमुख विचारतो, काय म्हणते ही? दुभाषा म्हणतो, “हवा.” पहिल्यांदा थिएटरात हशा पिकला. दुसऱ्यांदा त्याहून मोठा. मुलगी इतकी हसली की तिचे पॉपकॉर्न सांडले. तिसऱ्यांदा म्हातारी फाटकाचे गज धरून रडत सांगत होती आणि तो पुन्हा तेवढंच म्हणाला. तेव्हा कुणी हसलं नाही.

मला पहिल्यांदाही हसू आलं नव्हतं. पुढे वादळ आलं, तळ उद्ध्वस्त झाला, इंजिनियर आणि काही माणसं वाचली, एवढं मी पाहिलं. पण माझं लक्ष त्या दुभाष्यावरून हललं नाही. तो चेहरा कोरा ठेवून उभा राहायचा. तसा चेहरा कसा ठेवतात हे मला माहीत आहे.

सिनेमा संपल्यावर आम्ही तिथेच वरच्या मजल्यावर चहा घ्यायला बसलो. मुलगी रंगात आली होती. त्या दुभाष्याला लोक उगाच शिव्या देतायत असं तिचं म्हणणं.

“त्याची काय चुकी पप्पा? त्याच्या भाषेत शब्दच नव्हता. ज्याचा शब्द नाही ते दिसणार कसं? हेच तर दाखवलंय.”

“त्याला म्हातारीची भाषा येत होती की.”

“येत होती, पण विचार तर तो कंपनीच्या भाषेत करत होता ना.” मग कपाकडे बघत म्हणाली, “निदान ती म्हातारी सांगत तर होती. मम्मीने तर एकदा पण नाही सांगितलं. मी खूप वर्षं तिच्यावर नाराज होते, तुम्हाला माहीत आहे? इतका त्रास होत असेल आणि माणूस चूप बसेल, मतलब का? आज पिक्चर बघता बघता मला वाटलं, तिच्याजवळ सांगायला शब्दच नसतील. मी तिला माफ केलं, पप्पा.”

हेच ते वाक्य. तिचे डोळे भरले होते आणि ती हलकी झाल्यासारखी हसतही होती. मी म्हणालो, “चहा गार होतोय.”

माझी बायको गेली त्याला आठ वर्षं झाली. तिच्याजवळ शब्द होते. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही दोघंही अमरावतीकडच्या खेड्यांतले, बौद्ध घरांतले. मी शिकलो, रेल्वेत लागलो आणि बदली होऊन जयपूरला आलो. आमचं आडनाव गावावरून घेतलेलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यावरून चटकन काही कळत नसे. माझं बोलणं मी कॉलेजात असतानाच घासूनपुसून पुस्तकी केलं होतं. बायको मात्र लग्न होऊन आली ती तिची वऱ्हाडी घेऊन. भरभरून बोलायची. दाराशी आलेल्या उंटगाडीवाल्यालासुद्धा ती वऱ्हाडीतच रागवायची आणि त्याला ते समजायचं.

जयपुरात मराठी लोकांचं मंडळ होतं. बँकेतले, विमा कंपनीतले, केंद्र सरकारातले अधिकारी आणि आम्ही रेल्वेवाले. मुलगी दोन वर्षांची असताना मी दोघींना पहिल्यांदा तिथे घेऊन गेलो. जेवणाच्या पंगतीत बायको वाढत होती. शेजारच्या बाईंना म्हणाली, “घ्या ना वो बाई, काहून लाजता?” त्या बाई गोड हसल्या. “किती वेगळं बोलता हो तुम्ही! कुठल्या तुम्ही? म्हणजे, कुठल्या लोकांपैकी?” प्रश्न त्यांनी बायकोला विचारला, पण बघितलं माझ्याकडे. बायकोने गावाचं नाव सांगितलं आणि पुढच्या पानावर भात वाढला. तिला त्या प्रश्नात काही खटकलं नाही, किंवा खटकलं तरी तिने ते मनावर घेतलं नाही. मी मात्र घामाने भिजलो.

घरी आल्यावर मी नियम केला. शुद्ध बोलायचं, नाहीतर हिंदीत बोलायचं. पोरीशी तर हिंदीतच, कारण शाळा हिंदीची. बायको म्हणाली, “मंग मी पोरीले निजवताना काय म्हनू? हिंदीत मले गानं येत नाई.”

“मग म्हणू नकोस,” मी म्हणालो.

तिने म्हणणं सोडलं. हळूहळू माझ्यासमोर बोलणंही कमी केलं. भाजीवाल्याशी, शेजारणीशी तिचं कामापुरतं हिंदी चालायचं. पण मंडळात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, जिथे जिथे कागद आणि खुर्च्या असतील तिथे तिच्या वतीने मी बोलायचो. मुलीला वाटायचं, आपली आई अबोल आहे.

माझी नोकरी कंट्रोलमध्ये होती. गाड्या कुठे आहेत, कुठली थांबवायची, कुठली सोडायची, हे स्टेशनांना फोनवरून सांगायचं आणि त्यांच्याकडून ऐकायचं. त्या कामाची पहिली शिस्त अशी की निरोप घेणाऱ्याने तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा. तसा म्हटल्याशिवाय निरोप पोहोचला असं धरत नसत. मधल्या माणसाने आपली अक्कल लावायची नाही. एका नव्या पोराने एकदा “इंजिनातून कसलातरी आवाज येतोय” एवढाच निरोप पुढे दिला, तेव्हा मी त्याला उभं केलं होतं. कसलातरी म्हणजे कसला? ठोके की घासल्यासारखा? ड्रायव्हर जे बोलला तेच बोल. तीस वर्षं मी हे इतरांना शिकवलं.

निवृत्तीनंतर आम्ही जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. वरच्या मजल्यावर एक राजस्थानी भाभीजी राहायच्या, त्यांची आणि बायकोची गट्टी जमली. आठ वर्षांपूर्वी चैत्रात त्या तिला चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला घेऊन गेल्या. देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या दिवशी आदल्या दिवशीचं शिळंच खायची रीत आहे. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी चिडवलं, “झालं का दर्शन? आता आपल्या लोकांना काय सांगायचं?”

“म्या हात नाई जोडले. बाजार पाह्यला, गाढवं पाह्यली.” मग ती खुर्चीत बसली. “अजी, पायऱ्या चढताना छातीत दाटलं.”

“दुखलं?”

“दुखलं नाई. दाटलं. जसा कोनी छातीवर गुडघा ठेवला. मंग ते जबड्यात उतरलं. उभी राह्यली त सुटलं. चालली का पुन्हा दाटलं.”

“‘मंग’ नाही, ‘मग’,” मी म्हणालो.

ते मी नक्की म्हणालो. त्यातलं काही पुसट झालेलं नाही. त्यानंतर मी म्हणालो की उन्हाचं झालं असेल, शिळं खाल्लं असेल.

पुढच्या दोन आठवड्यांत तिने मला पुन्हापुन्हा सांगितलं. दर वेळी थोडं अधिक नेमकं. जिन्यावर दाटते, बसलं की सुटते. डाव्या हाताला ओढ लागते. मान आवळते. चमक नाई, ठनका नाई, आग नाई, दाटते. एकेक शब्द बाजूला काढून ती मला सांगत होती की काय होत नाही आणि काय होतं. कुठल्याही ड्रायव्हरने इतका स्वच्छ निरोप मला कधी दिला नव्हता.

शेवटी मी तिला घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्याच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्याबाहेरच्या बाकावर, आम्ही आत जाण्याआधी, मंडळातल्या एक बाई येऊन बसल्या होत्या. आमचे नमस्कार-चमत्कार झाले होते. इतकी वर्षं जपलेलं माझं शुद्ध बोलणं मी त्यांच्याशी बोललो होतो.

डॉक्टरने विचारलं, “माताजी, क्या तकलीफ है?”

बायको म्हणाली, “छाती में…” आणि अडली. मग माझ्याकडे वळून, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “अजी, दाटतेले हिंदीत काय म्हन्तेत?”

मला फक्त तो पडदा दिसत होता. मी म्हणालो, “जलन है, डॉक्टरसाहब. गैस की तकलीफ है इनको.”

डॉक्टर चांगला होता. त्याने लिहायला घेतलेला पेन थांबवला. “जलन है या दबाव जैसा? चलने पर होता है?”

बरोबर तोच प्रश्न. उत्तर माझ्याजवळ होतं, तिच्याच शब्दांत, पायरी पायरीसकट. मी म्हणालो, “खाने के बाद ज़्यादा होता है.”

“जलन नाई वो,” बायको हळू म्हणाली. मी तिचं कोपर दाबलं. डॉक्टरने पोटाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आराम पडला नाही तर परत या म्हणून सांगितलं. त्याने त्याला जे कळलं त्यावर औषध दिलं. त्याची काही चूक नव्हती.

घरी चालत येताना ती दोनदा थांबली. दुसऱ्यांदा भिंतीला हात टेकून म्हणाली, “तुमी बरोबरच सांगतलं असन. तुमाले हिंदी येते.”

गोळ्यांनी आराम पडला नाही. आपण परत जाऊ, असं तिने एकदा म्हटलं. मी म्हटलं, आधी गोळ्या तर संपव. तीन आठवडेही झाले नाहीत. एका दुपारी लिफ्ट बंद होती आणि ती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर निघाली. भाभीजींना ती जिन्यात बसलेली दिसली, भिंतीला डोकं टेकून. त्यांना वाटलं, दम खातेय.

मुलगी तेव्हा दिल्लीला नोकरीत होती. ती संध्याकाळपर्यंत पोहोचली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर विचारलं की आधी कधी छातीचा त्रास, चालताना दम लागणं, असं काही सांगितलं होतं का. मुलगी माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. “कधी काही बोलली नाही.”

मुलगी किंचाळली, “मम्मी, का नाही सांगितलं?” ती ते आईच्या पायांना धरून म्हणत होती. मी शेजारी उभा होतो. तेव्हापासून आठ वर्षं ती तेच मनात म्हणत होती, हे मला त्या चहाच्या टेबलावर कळलं.

तो सिनेमा मी नंतर मनात पुष्कळदा पाहिला. त्यात सांगितलंय ते खोटं नाही. शब्द हाताशी असले की माणसाला बारकावे दिसतात, हे मी बायकोत पाहिलं. स्वतःच्या शरीरात काय चाललंय हे तिला इतकं सुटं सुटं कळत होतं, ते तिच्या बोलीमुळेच कळत होतं. मला आज गुडघ्यात काही झालं तर मी ‘पेन’ म्हणतो आणि मला तेवढंच जाणवतं. पण त्या दुभाष्याच्या बाबतीत मुलगी म्हणते ते मला लागू होत नाही. एका शब्दाची भाषा डोक्यात बसली म्हणून त्याला ऐकू आलं नाही, असं म्हणून त्याला सोडता येईल. मी त्याच मातीतला. दाटते म्हणजे काय हे मला आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत आहे. मी ते ऐकलं, मला ते समजलं, आणि पडद्याबाहेरच्या बाकाच्या भीतीने मी दुसराच शब्द पुढे दिला. त्या बाई काही ऐकत होत्या की नव्हत्या, हेही मला माहीत नाही. बहुधा मोबाइल बघत असतील.

माझी भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्यांना ‘कुठल्या लोकांपैकी’ हा प्रश्न कधी विचारला गेलेला नाही त्यांना ती कळणारही नाही. पण ती भीती माझी होती आणि तिची किंमत बायकोने दिली. तिला कधी तिच्या बोलण्याची लाज वाटली नाही. लाज मी तिच्यावर घातली, आणि मुलीला आईच्या बोलीपासून लांब ठेवलं. मुलीला वऱ्हाडी येत असती तर बायकोने फोनवर तिलाच सांगितलं असतं. ती सांगायचा प्रयत्न करतही होती. एकदा मी तिला फोनवर म्हणताना ऐकलं, “बेटा, वो जरा छाती में…” आणि मग, “कुछ नहीं, खाना खाया?”

सिनेमानंतरच्या रविवारी मुलगी माझ्याकडे आली. पेपर तपासत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, “तुझ्या आईबद्दल एक सांगायचं आहे.”

तिने लगेच पेन ठेवला आणि माझा हात धरला. “पप्पा, मी आता ठीक आहे. खरंच. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मला तिचा राग नाही राहिला.”

“तसं नाही…”

“आणि तुमच्यावर तर कधीच नव्हता. तुम्ही किती केलं तिचं. डॉक्टरकडे पण तुम्हीच नेलं होतं ना, गॅससाठी?”

मी मान हलवली. ती पुन्हा पेपर तपासू लागली. एका मुलाने काय वाट्टेल ते लिहिलं होतं, ते तिने मला हसत वाचून दाखवलं. मीही हसलो.

त्यानंतर दोनदा मी तिच्या घराच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा तिने दार उघडलंही आणि मी म्हणालो, दही संपलं होतं, आहे का? तिने वाटीभर दही दिलं.

म्हणून मी हे कागदावर उतरवलं. देवनागरी तिला हिंदीमुळे वाचता येते, मराठी तिला हळूहळू लावावं लागेल, काही ठिकाणी अडेल. अडली तर तिने मला विचारावं. मी शब्दाला शब्द सांगेन. तोंडाने तिला जे सांगायचं होतं आणि दारात उभं राहूनही सांगता आलं नाही, ते एवढंच:

बेटा, तुझ्या आईने सांगितलं होतं. तिच्या बोलीत, नीट, काहीही न लपवता, पुन्हापुन्हा सांगितलं होतं. मी ते डॉक्टरांपर्यंत पोहोचू दिलं नाही आणि नंतर तुझ्यापर्यंतही पोहोचू दिलं नाही. तू तिला माफ केलंस, पण तिचं माफ करण्यासारखं काही नव्हतं. माह्यं चुकलं, पोरी. तुह्या मायचं नाई, माह्यं चुकलं.